दसऱ्याला उघडणारं फाटक: गिरणगावच्या उत्सवांची पार्श्वभूमी

मुंबईच्या गिरणगावाचा वारसा साजरा करायचा म्हटलं की आज डोळ्यांसमोर कापडगिरण्यांच्या चिमण्या येतात. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या झगमगाटात उभी आहे, तिच्यासमोर फोटो निघतात. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय होऊ घातलं आहे. हे सगळं व्हावंच. पण गिरणगाव उत्सव करायला आता शिकलेलं नाही. गिरण्या धडधडत होत्या तेव्हाच इथल्या लोकांनी आपल्या कामाचा सोहळा करायची रीत पाडली होती.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी असा पट्टाच गिरण्यांनी व्यापला. माणसं आली कोकणातून आणि घाटावरून. विजेचे दिवे येण्याआधी उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती.

ती सुट्टी मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 1884 मध्ये कामगारांच्या सभा भरवून त्यांनी मागणी मांडली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. त्या काळात, एवढ्या गर्दीपुढे! 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणगावातली नाटकं, भजनं, कुस्त्या, कबड्डीचे सामने पुढे या रविवारच्याच जिवावर उभे राहिले.

खोलीत दहा-पंधरा गाववाले. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. अशा जागेत करमणूकही गल्लीतच होणार. मग परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे गाण्यांतल्या सवाल-जवाबांचे सामने, कुठे दशावतार, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा. चिंचपोकळीचा गणपती 1920 चा, गणेशगल्लीचा 1928 चा. लालबागच्या राजाची कथा तर पोटापाण्याचीच. 1932 मध्ये पेरू चाळीचा बाजार बंद पडला, कोळी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. बाजाराला कायमची जागा मिळू दे, असा नवस त्यांनी केला आणि जागा मिळाल्यावर 1934 मध्ये गणपती बसवला.

सण आणि संप एकाच गल्लीत वाढले. टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपातून लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्याच लाल बावट्याचं कलापथक घेऊन 1944 पासून अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर हे शाहीर चाळीचाळींतून डफावर थाप मारत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही हा पट्टा पुढे होता. 1960 मध्ये राज्य जन्माला आलं ते कामगार दिनी, 1 मे ला. आता त्या तारखेचा झेंडावंदनाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, दुसरा बहुतेकदा विसरला जातो.

मात्र कामगाराचा स्वतःचा, थेट गिरणीच्या आतला सण म्हणजे दसरा. खात्याखात्यात झाडलोट व्हायची, साच्यांना, म्हणजे यंत्रमागांना, झेंडूचे हार पडायचे, पूजा मांडली जायची. एरवी पहारेकरी आत पाऊल टाकू द्यायचा नाही. त्या दिवशी फाटक उघडं, आणि बायकापोरं आत. मुलाला बोटाला धरून बाप साळखात्यात, म्हणजे कापड विणतात तिथे, न्यायचा आणि रांगेतला एक साचा दाखवायचा: हा माझा. मालकी कागदावर कुणाची का असेना!

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. साठच्या आसपास गिरण्यांपैकी बऱ्याच पुन्हा नीट चालल्याच नाहीत. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना आणि जवळपास तेवढाच घरांना मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. म्हाडाच्या सोडतीत काही कामगारांना घरं लागली, कितीतरी वारस अजून वाट पाहत आहेत. संग्रहालयात साचा ठेवता येईल, पण तो चालवणाऱ्याच्या घराचा प्रश्न बाहेर मोर्चा काढत असताना आतला सोहळा जरा अवघडलेलाच राहणार.

दसऱ्याची फाटकं गेली, गणपती राहिले. आगमनाच्या दिवशी चिंचपोकळीच्या पुलावर मुंगीला शिरायला जागा नसते. त्या गर्दीत बदलापूरहून, विरारहून लोकल पकडून आलेले साठी-सत्तरीचे कितीतरी जण असतात. खोली विकून गेलेले. वर्गणीची पावती मात्र अजून जुन्या चाळीच्या पत्त्यावरच फाडतात.