त्यानेच जोरात मारलं!

मे महिन्यात दोन भाच्यांना मागच्या सीटवर बसवून पुण्याहून सांगलीला निघालो होतो. खंबाटकी घाट चढेपर्यंत सगळं ठीक होतं. वळणावर धाकट्याचं कोपर थोरल्याला लागलं. थोरल्याने बोटाने टोचलं, धाकट्याने चापट मारली आणि सातारा यायच्या आत एकाच्या मुठीत दुसऱ्याचे केस होते. गाडी बाजूला घेऊन चौकशी केली, तर दोघांची जबानी शब्दाला शब्द सारखी: "मी हळूच मारलं होतं, त्यानेच जोरात मारलं!"

अशा वेळी मोठी माणसं दोघांनाही खोटारडे ठरवून मोकळी होतात. पण दोघेही खरं बोलत असतील तर?

२००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात जेमतेम एक पानाचा शोधनिबंध आला होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या सुखविंदर शेरगिल, पॉल बेज, ख्रिस फ्रिथ आणि डॅनियल वोल्पर्ट यांनी माणसांच्या सहा जोड्या घेतल्या. सुरुवातीला यंत्राने एकाच्या बोटावर ०.२५ न्यूटन, म्हणजे साधारण २५ ग्रॅम वजनाइतका दाब दिला. मूठभर शेंगदाणे बोटावर ठेवावेत तेवढा. मग त्याला सांगितलं, जेवढा दाब जाणवला तेवढाच समोरच्याच्या बोटावर दे. समोरच्यालाही तेच सांगितलेलं. एकाला काय सांगितलंय ते दुसऱ्याला ठाऊक नाही. राग नाही, वैर नाही, पैज नाही. नुसतं घेतलं तेवढं परत करायचं.

तरी दाब चढत गेला. प्रत्येक पाळीला सरासरी ३८ टक्क्यांनी. हे चक्रवाढ व्याज आहे, गणित करून पाहा: आठ पाळ्यांत मूळ दाबाच्या तेरा पट. शेंगदाण्यांचे पाव किलोच्या वर गेले, आणि दोघेही शपथेवर सांगतील की आम्ही मिळालं तेवढंच दिलं.

याचं कारण मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेंदू हाताला 'दाब' असा हुकूम सोडतो, तेव्हा त्या हुकमाची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. ऑफिसातल्या आवक-जावक नोंदवहीसारखी. डोक्याच्या मागच्या बाजूचं अनुमस्तिष्क त्या प्रतीवरून आधीच हिशेब मांडतं: अमुक स्नायूंना इतका ताण, म्हणजे अमुक क्षणी बोटाच्या टोकाला इतका दाब जाणवणार. मग त्वचेकडून खरी बातमी येते. अंदाज आणि बातमी जितकी जुळेल, तितकी ती बातमी फिकी केली जाते. न जुळलेलं मात्र ठळक राहतं. समोरच्याला दाबताना आपल्या बोटालाही तेवढाच दाब येतो, आपण किती जोर लावला हे आपण त्यावरूनच ठरवतो, आणि वजावट नेमकी तिथेच झालेली असते. समोरच्याच्या दाबाची जावक नोंद आपल्याकडे नसते, त्यामुळे तो पूर्ण वजनानिशी पोचतो.

याच मंडळींनी पडताळाही घेतला. यंत्राने बोटावर दिलेला दाब आता स्वतःच, दुसऱ्या हाताच्या बोटाने, आपल्या त्याच बोटावर देऊन दाखवा, असं सांगितलं. लोक हमखास जास्त दाबत. स्वतःचा दाब त्यांना जवळजवळ निम्माच जाणवत होता. मग हातात एक दांडी दिली. ती हलवली की मोटर चाले आणि मोटर बोटावर दाब देई. आता लोकांनी दाब बरोबर जुळवला! हुकूम आपलाच होता, पण बोटाने बोट दाबण्याचा जन्मापासूनचा सराव मध्ये नव्हता, त्यामुळे वजावटीचं ते यंत्रही थंड.

स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्यामागेही हाच हिशेब आहे. सारा-जेन ब्लेकमोर यांनी याच गटासोबत १९९० च्या दशकात तो तपासला. आपण यंत्रमानवाची दांडी हलवायची आणि त्याने आपल्या तळहातावर स्पंज फिरवायचा. हालचाल आणि स्पर्श यांच्यात सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा उशीर घातला, तर आपल्याच हुकमाने झालेल्या गुदगुल्या जास्त जाणवू लागतात. नोंदवहीतली वेळ चुकली की मेंदू म्हणतो, हे बाहेरून आलं.

ही खोड दुर्मीळ नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या एका अभ्यासात ३२२ निरोगी प्रौढांपैकी ३१५ जणांत ती सापडली, आणि वयाबरोबर वाढलेली. खोड म्हणतोय खरा, पण ती नसती तर स्वतःच्या शर्टाचं बटण लावताना आपण दचकलो असतो. मानेवर चढणारी मुंगी आणि आपलीच बोटं यांतला फरक तिच्यामुळे कळतो. स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या रुग्णांत ही वजावट कमी असते. २००५ च्या चाचणीत त्यांनी दाब इतरांपेक्षा जास्त अचूक जुळवला. यातल्या काहींना आपली हालचाल दुसरंच कोणी करवतंय असं वाटतं. आपल्याकडे अशा माणसाला डॉक्टरकडे न्यायच्या आधी 'करणी कोणी केली' याचा शोध सुरू होतो, आणि भावकीतलं एखादं नाव निघतंच. कुंडलीतलं सहावं घर शत्रूचं म्हणून शांती सुचवणारेही टपलेले असतात. आजार एकाचा, आणि एक नवीन शत्रू फुकटात तयार.

आता 'जशास तसे'बद्दल. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर सहकार्य की दगा अशा खेळाची स्पर्धा घेतली. आलेल्या १४ प्रोग्रॅमांत अनातोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत छोटा प्रोग्रॅम जिंकला: पहिल्यांदा सहकार्य, पुढे समोरच्याने केलं तेच. दुसऱ्या फेरीत ६२ जण आले, तरी तोच जिंकला. हे ऐकलं की लोक खूश होतात, बघा, जशास तसेच वागावं. पण त्या स्पर्धेत मोजमाप अचूक होतं. दगा म्हणजे दगा, त्याला कमी-जास्त वजन नाही. चुकून एखादी खेळी भलतीच वाचली गेली, तर दोन 'जशास तसे' एकमेकांना आळीपाळीने कायमचे बडवत बसतात. १९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मंड यांनी दाखवलं, की अशा चुका होणाऱ्या जगात दग्याला साधारण तीनात एकदा माफ करणारा प्रोग्रॅम पुढे जातो. त्यांच्या गणितात चुका दोन्हीकडे पडतात. आपल्या बोटांची चूक मात्र नेहमी एकाच बाजूला पडते.

बोटाच्या दाबावरून युद्धांचे नियम काढू नयेत. शिवीचं वजन न्यूटनमध्ये निघत नाही, आणि सहा जोड्या म्हणजे काही सगळी मानवजात नव्हे. तरीही माझ्या काकांचा बांध मला आठवतोच.

काका आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात बांधावरून बावीस वर्षं अबोला होता. दोघांचं एकच म्हणणं: दरवर्षी नांगरताना तो बांध कोरतो, मी फक्त माझं परत घेतो. पोरांच्या लग्नांत जेवायलाही वेगळ्या पंगतीला बसायचे. शेवटी पैसे भरून सरकारी मोजणी आणली. मोजणीदाराने खुणा रोवल्या, नकाशा उलगडला, दोघांना उन्हात शेजारी उभं केलं. कुणाचंच क्षेत्र कमी भरलं नाही. काका म्हणाले, परत मोजा. त्यांचे भाऊही म्हणाले, परत मोजा. बावीस वर्षांत दोघांचं पहिलं एकमत ते. परत मोजलं, आकडा तोच.

फक्त ज्यावरून पूर्वी बैलगाडी जायची, तो बांध आता वीतभर उरला होता.