खोक्यातली हवा

अमळनेर तालुक्यातल्या माझ्या मामींनी गेल्या कार्तिकात घरची हस्तलिखित पोथी, तांब्याचा हंडा आणि काचेवरच्या सहा जुन्या निगेटिव्ह धुळ्याच्या एका संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. बांधाबांध माझ्याकडे आली. पोथी हातात ठेवताना मामी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, जपीसन लई जाय."

जपून न्यायचं म्हणजे पडू-फुटू द्यायचं नाही, असं आपण धरून चालतो. पण कागदाला, लाकडाला, तांब्याला धक्क्याइतकाच छळतो तो खोक्यात कोंडलेला ओलावा, आणि तो दिसत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

कागद हवेतलं पाणी सतत घेतो आणि सोडतो. खानदेशात तर ही ओढाताण फार. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, कागद कडक होतो. आषाढात तोच कागद फुगून मऊ पडतो. आता एक हिशेब बघा. शंभर लिटरच्या खोक्यातली हवा 30 अंशांना काठोकाठ दमट असली तरी तिच्यात पाणी मावतं जेमतेम तीन ग्रॅम. पण त्याच खोक्यात दहा किलो कागद असेल, तर त्याच्या तंतूंत साधारण अर्धा किलो पाणी असतं. म्हणजे बंद खोक्यातला दमटपणा बाहेरचं आभाळ नाही, आतला कागदच ठरवतो. कोरड्या दिवशी भरून नीट बंद केलेलं खोकं पुढे कितीतरी वेळ कोरडं राहतं. पावसाळ्यात भरलेलं खोकं मात्र पावसाळा सोबत घेऊन निघतं.

त्यातून दिवसा उन्हात तापलेल्या गाडीत कागद पाणी सोडतो आणि रात्री गार झालेल्या प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला ते दवासारखं जमतं. म्हणून पोथी थेट प्लॅस्टिकात बांधायची नाही. मामींची पोथी लाल बासनात, दोन लाकडी फळ्यांमध्ये होती. ते बांधण तसंच ठेवलं आणि त्यावर मांजरपाटाचे दोन थर दिले. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि खळीवर कसर येते, म्हणून तो आधी दोनदा नुसत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवला होता. बांधायला सुती फीत घेतली. रबरबँड नको, त्यातलं गंधक चांदी काळी करतं आणि रबर स्वतः वितळून कागदाला चिकटतं. वर्तमानपत्र तर नकोच नको. त्याच्या लाकडी लगद्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य आम्ल तयार करतं आणि शेजारच्या कागदाला पिवळं करून ठिसूळ करतं. चिंध्यांपासून केलेला जुना हातकागद दोनशे वर्षं टिकतो आणि पन्नास वर्षांपूर्वीचं कात्रण हातात चुरा होतं, ते याच कारणाने.

हंड्याच्या बाबतीत मामींचा हात धरावा लागला. संग्रहालयात जायचा म्हणून त्या चिंच-मीठ लावून तो लखलखीत करायला निघाल्या होत्या. मिठातलं क्लोराइड तांब्याच्या बारीक खळग्यांत बसून राहतं. पुढे दमट हवा मिळाली की फिकट हिरवी पूड उगवते, आणि ती पुसली तरी खालचा धातू खात राहते. उलट वरचा काळपट थर धातूला सांभाळतो. घामातही मीठ असतंच, म्हणून हंडा उचलताना हातमोजे घातले. पोथीला मात्र धुऊन कोरडे केलेले हात बरे. मोज्याने जीर्ण पानाची कड कळत नाही आणि ती फाटते.

काचांचा धडा मी आधीच घेतलेला होता. फार वर्षांपूर्वी एका नातलगाच्या निगेटिव्ह मी एकावर एक आडव्या रचून पाठवल्या आणि खालच्या दोन तडकल्या. आडवी काच वरच्या भाराने वाकते, आणि वाकणं काचेला सोसत नाही. काच उभी, लांब कडेवर ठेवायची, प्रत्येक काच कागदाच्या वेगळ्या पाकिटात.

धक्क्याचं गणित रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांना हाडीमासी माहीत आहे. ट्रकमध्ये घडांच्या मध्ये केळीचा पाला उगाच भरत नाहीत. खोकं एक मीटरवरून निसटलं आणि थांबायला एकच मिलिमीटर मिळाला, तर वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे हजारपट जोर येतो. पाच सेंटिमीटर मऊ फोम दबत गेला तर तोच जोर वीसपटीवर उतरतो. म्हणून खोक्यात खोकं, आणि मध्ये चहूबाजूंनी फोम. पाला, भुसा, कडबा इथे चालत नाही, कारण त्यातून ओल आणि किडे दोन्ही येतात. आपल्याकडे घरोघरी असलेली रुईसुद्धा नको. तिचे तंतू सुटणाऱ्या शाईत आणि रंगाच्या पोपड्यांत अडकतात.

धुळ्याला असं देण्या-घेण्याचं वळण जुनं आहे. गावोगाव फिरून दप्तरं गोळा करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला गेले आणि 1927 मध्ये तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. मामींनीही एक कागद लिहून दिला: वस्तू कुणाची, घरात कुणी कशी वापरली. त्याची एक प्रत खोक्यात, एक माझ्या खिशात. हा कागद नसेल तर हंडा नुसता हंडा उरतो.

छोट्या हत्तीतून सकाळी लवकर निघालो, ऊन चढायच्या आत पोहोचलो. संग्रहालयातल्या बाईंनी खोकं लगेच उघडलं नाही. चोवीस तास ते खोलीच्या हवेशी जुळू दिलं. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तेव्हा आधी वास आला तो वेखंडाचा. कसरीला दूर ठेवायला मामींच्या सासूबाईंनी कधीकाळी बासनात ठेवलेले तुकडे. बाईंनी ते वेगळ्या पाकिटात घालून त्यावर नोंद केली. पोथी इतर कागदांपासून लांब, एका बंद पिशवीत गेली. किडीची अंडी निघाली, तर ती पिशवी उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये जाईल.