सामूहिक ज्ञानकोशातील नकाशांचे शैलीसंकेत

अनेकांनी मिळून लिहिलेल्या ऑनलाइन ज्ञानकोशातले नकाशेही अनेक हातांनी काढलेले असतात. हे लोक एकमेकांना ओळखत नाहीत आणि त्यांची साधनेही निराळी असतात. तरी एका लेखातून दुसऱ्या लेखात गेल्यावर वाचकाला नकाशा नव्याने वाचायला शिकावे लागू नये. त्यासाठी रंग, रेषा, अक्षरे, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत) आणि फाइलीचे स्वरूप यांविषयी जे नियम ठरतात त्यांना नकाशांचे शैलीसंकेत म्हणतात. विकिपीडिया २००१ साली सुरू झाला. त्याच्या इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा मोठ्या आवृत्त्यांतील नकाशाकारांच्या गटांनी हे संकेत घडवले. २००४ मध्ये विकिमीडिया कॉमन्स हे चित्रांचे सामाईक भांडार निघाले आणि एकच फाइल कितीतरी भाषांत वापरता येऊ लागली, तेव्हापासून समुद्राचा रंग हा एका लेखापुरता प्रश्न राहिला नाही.

वेगवेगळ्या हातांनी एकच नकाशा काढण्याचा प्रयत्न याआधीही झाला होता. १८९१ मध्ये बर्न येथील आंतरराष्ट्रीय भूगोल परिषदेत आल्ब्रेख्त पेंक या भूगोलज्ञाने दहा लाखांस एक या प्रमाणाचा जगाचा नकाशा सुचवला. प्रत्येक देशाने आपापले पत्रे, म्हणजे नकाशाचे सुटे कागद, काढायचे, पण सर्वांनी एकाच चिन्हसूचीने, अशी ती योजना होती. पत्रा चार अंश अक्षांश आणि सहा अंश रेखांशांचा, रस्ते तांबडे, लोहमार्ग काळे, नावे रोमन लिपीत, असे बरेच काही ठरले. जगाचा संच मात्र कधी पूर्ण झाला नाही. ऑनलाइन ज्ञानकोशाने या योजनेचा हेतू उचलला आणि रोमन लिपीची अट सोडली. कोणत्याही लिपीतल्या वाचकासाठी नकाशा बदलून घेता आला पाहिजे, ही इथली पहिली गरज आहे आणि बाकीचे बहुतेक संकेत तिच्यातूनच निघतात.

कोऱ्या नकाशाचे गणित

सर्वांत जास्त वापरला जातो तो जवळजवळ कोरा नकाशा: किनारा, सीमा, मोठी सरोवरे, आणि नाव एकही नाही. गावाच्या लेखात दिसणारा लाल ठिपका या चित्रात काढलेला नसतो. लेखातील साचा, म्हणजे लेखात बसवलेला छोटा तयार कोड, अक्षांश-रेखांश वाचून तो चित्रावर ठेवतो. नकाशाची डावी कड १० अंश पूर्वेला, उजवी २० अंशांवर आणि गाव १४ अंशांवर असेल, तर ठिपका डावीकडून ४० टक्के अंतरावर पडतो. हे त्रैराशिक चालायचे तर नकाशावर अंशांमधील अंतर सगळीकडे सारखे हवे. म्हणून या प्रकारासाठी अक्षवृत्ते व रेखावृत्ते सरळ आणि समान अंतरावर ठेवणारे साधे दंडगोल प्रक्षेपण वापरतात. विषुववृत्तापासून दूर गेल्यावर रेखांशांमधले खरे अंतर घटत जाते, त्यामुळे असा नकाशा आडवा फाकलेला दिसतो. यावर उपाय म्हणून तो उभा ताणतात. ५० अंश अक्षांशाच्या आसपासच्या देशाचा नकाशा साधारण १५५ टक्के उंच करावा लागतो, ६० अंशांवर दुप्पट. आकार पुष्कळसा सुधारतो आणि त्रैराशिकही बिघडत नाही.

याच कारणाने अशा फाइलीची चौकट नंतर कधीही हलवायची नसते. कोणी चांगल्या हेतूने कडेची थोडी मोकळी जागा कापली, तर ती फाइल वापरणाऱ्या हजारो लेखांतले ठिपके एका क्षणात सरकतात. किनाऱ्यावरची बंदरे समुद्रात जातात. चौकट बदलायचीच असेल तर नव्या नावाने नवी फाइल चढवावी, असा दंडक आहे. या क्षेत्रात अपवाद न करता पाळावा असा हा बहुधा एकच नियम.

इतर प्रकारांत प्रक्षेपण निवडायला मोकळीक असते. जगाच्या नकाशासाठी मर्केटर मात्र टाळतात. १५६९ चे हे प्रक्षेपण दिशा धरून जहाज हाकण्यासाठी होते, देशांच्या आकारमानांची तुलना करण्यासाठी नव्हे. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. त्याऐवजी रॉबिन्सन किंवा विंकेल त्रिपेल यांसारखी तडजोडीची प्रक्षेपणे घेतात. लोकसंख्येची घनता दाखवायची असेल तर क्षेत्रफळांचे प्रमाण राखणारे समक्षेत्र प्रक्षेपण हवे. जगाच्या नकाशावर किलोमीटरची पट्टी काढू नये, कारण तिथे प्रमाण जागोजागी बदलते आणि पट्टी एखाद्याच अक्षवृत्तावर खरी ठरते. उत्तर वर असेल तर दिशादर्शक बाणही नको.

रंग

स्थानदर्शक, म्हणजे ठिपका ठेवण्याच्या कोऱ्या, नकाशांची ठरलेली रंगसंगती फिकट आहे. पाणी निळसर (लाल १९८, हिरवा २३६, निळा २५५), विषय असलेली भूमी जवळजवळ पांढरी पिवळसर (२५४, २५४, २३३), शेजारची भूमी बदामी आणि सीमा करड्या. हे रंग मुद्दामच मिळमिळीत ठेवले आहेत. वर लाल ठिपका येणार असतो आणि नजर त्याच्याकडे जायला हवी. एखादा जिल्हा उठून दिसावा म्हणून तो गडद लाल करतात. गोलाकार पृथ्वीवर देश दाखवणाऱ्या नकाशात देश गडद हिरवा असतो, आणि ज्या भूभागावर त्याचा दावा आहे पण ताबा नाही तो फिकट हिरवा.

उठावाच्या नकाशांत रंगांची परंपरा सखल भागाला हिरवा, उंच भागाला तपकिरी आणि शिखरांना पांढरा अशी आहे. ती इतकी रुजली आहे की सोडणे अवघड, पण तिच्यात एक खोट आहे: हिरवा पाहिला की वाचक झाडी समजतो. ईजिप्तमधील कत्तारा द्रोणी समुद्रसपाटीखाली १३३ मीटरपर्यंत जाते. ते निव्वळ वाळवंट असूनही उंचीच्या रंगपट्टीत सगळ्यांत हिरवेगार दिसते. त्यामुळे रंग उंचीचे आहेत हे चित्राखालच्या मथळ्यात लिहिणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. उंचसखलपणा सावल्यांनी दाखवणाऱ्या छायांकनात प्रकाश नेहमी वायव्येकडून येतो. उत्तर गोलार्धाच्या बऱ्याच भागात सूर्य तिथे कधीच नसतो हे खरे, पण प्रकाश नकाशाच्या खालच्या बाजूने दाखवला तर डोळ्याला डोंगर दऱ्यांसारखे आणि दऱ्या डोंगरांसारख्या भासतात.

प्रत्येक प्रदेशाला आकडेवारीप्रमाणे छटा देणाऱ्या क्षेत्रघनी नकाशात चूक बहुधा रंगाच्या आधी होते. एकूण संख्या थेट रंगांत भरली की मोठा किंवा दाट वस्तीचा प्रदेश प्रत्येक नकाशात गडद येतो, मग विषय रुग्णालये असो की सायकली. दर हजारी किंवा दर चौरस किलोमीटर असे प्रमाण काढूनच छटा द्याव्यात. कमी ते जास्त अशा मापाला एकाच रंगाच्या चढत्या छटा, मध्यबिंदूपासून दोन्हीकडे जाणाऱ्या मापाला दोन विरुद्ध रंग, आणि माहिती नसलेल्या ठिकाणी करडा. छटा पाच ते सातच ठेवाव्यात, त्याहून जास्त नजरेला वेगळ्या ओळखू येत नाहीत. लाल-हिरवी जोडी टाळतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत. सिंथिया ब्रूअर या नकाशातज्ज्ञ बाईंनी तयार केलेल्या कलरब्रूअर या रंगसंचांचा आधार इथे सर्रास घेतला जातो.

अक्षरे

फाइलीसाठी पहिली पसंती एसव्हीजीला. हे स्वरूप मुळात मजकूर आहे: रेषा, रंग आणि नावे ओळींत लिहिलेली. दुसरा नकाशाकार फाइल उघडून एक सीमा सरकवू शकतो, एक नाव बदलू शकतो. कितीही मोठी केली तरी रेषा फुटत नाही. उठावाचे छायांकन ठिपक्यांचेच असते, म्हणून तिथे पीएनजी किंवा जेपीईजी चालते. रेषांचा नकाशा मात्र जेपीईजीत देऊ नये, रेषांभोवती राखाडी धूळ जमते.

नाव मजकूर म्हणून ठेवायचे की त्याचे आकारात रूपांतर करायचे, यावर जुना वाद आहे. आकारात बदललेले नाव सगळीकडे हुबेहूब दिसते, पण पुढचा माणूस ते भाषांतरित करू शकत नाही. मजकूर ठेवला तर तो सर्व्हरवर असलेल्या फॉन्टवर अवलंबून राहतो. सर्व्हर एसव्हीजीचे पीएनजी चित्र करूनच वाचकाला दाखवतो, आणि नकाशाकाराने वापरलेला फॉन्ट तिथे नसेल तर दुसरा घेतो. त्यात नाव लांबून नदीवर चढते, किंवा जोडाक्षर फुटून हलन्त दिसते. तरीही संकेतांचा कल मजकूर ठेवण्याकडे आहे, आणि तो योग्य आहे: बिघडलेले नाव कोणीतरी दुरुस्त करील, गोठलेले नाव कोणालाच करता येणार नाही. एसव्हीजीत एकाच नावाची अनेक भाषांतील रूपे ठेवून वाचकाच्या भाषेप्रमाणे एक दाखवण्याचीही सोय आहे.

नावे लिहिण्याच्या पाश्चात्त्य रूढी देवनागरीत आणताना अडचण येते. लॅटिन नकाशात देशाचे नाव मोठ्या लिपीत, पाण्याचे तिरप्या अक्षरांत आणि पर्वतरांगेचे अक्षरे दूर दूर पसरून लिहितात. देवनागरीत मोठी लिपी नाही. तिरपी अक्षरे संगणक करून देतो, पण ती आपल्या छापील परंपरेतली नव्हेत. अक्षरे पसरली तर शिरोरेषा तुटते आणि नावाचे तुकडे दिसतात. म्हणून तीनही भेद आकार, जाडी आणि रंग यांच्यावर टाकावे लागतात: पाण्याचे नाव निळे, प्रदेशाचे मोठे करडे, गावाचे काळे. पर्वताचे नाव पसरवण्याऐवजी रांगेच्या वळणावर वाकवून लिहावे. वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने ओळीला उंची जास्त लागते. शिरोरेषा नदीच्या किंवा सीमेच्या रेषेत मिसळते, तेव्हा अक्षरांभोवती पांढरी कड द्यावी.

गावाचे नाव ठिपक्याच्या उजवीकडे किंचित वर ठेवावे, हा संकेत स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांच्या १९६२ च्या लेखनापासून रूढ आहे. लेखात नकाशा दोन-अडीचशे पिक्सेल रुंदीने दिसतो, त्यामुळे मोठ्या पडद्यावर सुबक वाटणारी नावे तिथे मुंग्या होतात. शीर्षक आणि चिन्हसूची चित्रात न भरता खालच्या मथळ्यात लिहितात. तो मजकूर प्रत्येक भाषेचा संपादक आपला आपण लिहू शकतो.

सीमा आणि काळ

वादग्रस्त सीमा तुटक रेषेने दाखवतात आणि ताबा व दावा वेगळे ठेवतात. काश्मीर, क्रिमिया, पश्चिम सहारा यांच्या फाइलींवर सतत ओढाताण चालते. एकच फाइल पुन्हा पुन्हा बदलू नये म्हणून वेगवेगळ्या भूमिकांच्या वेगळ्या फाइली ठेवण्याची पद्धत पडली. तटस्थतेचा हा उपाय अर्धवटच आहे. तुटक रेषेची बाजू दोघांनाही पटत नाही.

ऐतिहासिक नकाशात चूक बहुधा सीमेपेक्षा पाण्यात सापडते. तयार भूमाहितीत आजचे जग असते. तीच घेऊन प्राचीन ईजिप्त रंगवला की अस्वान धरणामुळे विसाव्या शतकात तयार झालेले नासर सरोवर फेअरोंच्या राज्यात उमटते. सतराव्या शतकातील नेदरलँड्समध्ये फ्लेव्होलांट दिसू नये, कारण झाउडर झे हे आखात १९३२ मध्ये बांध घालून तोडल्यावरच ती जमीन निघाली. अरल समुद्राचे उलट आहे: १९६० च्या आधीच्या नकाशात तो आजच्याहून कितीतरी मोठा हवा.

माहिती कोठून घेतली हे फाइलीच्या वर्णनात लिहावे लागते. नॅचरल अर्थ हा भूमाहितीचा संच सार्वजनिक अधिकारातला, म्हणजे प्रताधिकारमुक्त, आहे, ओपनस्ट्रीटमॅपची माहिती श्रेय देऊन वापरता येते. उंचीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेले रडार सर्वेक्षण घेतात, पण ते उत्तरेस ६० आणि दक्षिणेस ५६ अंशांपर्यंतच पोहोचते. प्रताधिकार असलेला छापील नकाशासंग्रह गिरवणे चालत नाही. तसे काढलेले नकाशे कितीही देखणे असले तरी काढून टाकले जातात.

सीमा बदलली की जुन्या फाइलीवरच नवी चढवावी, की वर्ष घालून वेगळी करावी? ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हा दोन्ही गरजा एकदम होत्या. आजच्या सुदानच्या लेखाला नवा आकार हवा होता, तर १९५६ च्या स्वातंत्र्याच्या लेखाला जुनाच. अशा वेळी जुन्या आकाराची फाइल नावात कालावधी घालून जपतात, आणि साध्या नावाची फाइल वर्तमानासोबत बदलत राहते.