‘परमिशन डिनाइड’ : हक्क नाही, की फाइल कुणी धरून ठेवलीय?

उद्यमनगरातलं मशिन शॉप असो की मार्केट यार्डातली गुळाची अडत पेढी, बिलिंगचा ‘सर्व्हर’ म्हणजे बऱ्याचदा एक विंडोज पीसी आणि त्यावर मायएसक्यूएल नाहीतर पोस्टग्रेस हा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा प्रोग्रॅम. सॉफ्टवेअरचं अपडेट चढवताना ‘एरर ऑन रिनेम’ (फाइलचं नाव बदलताना चूक), एररनो म्हणजे एरर क्रमांक १३, ‘परमिशन डिनाइड’ अशी ओळ आली की उपाय ठरलेला: डेटा फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’. कृपा करून हे करू नका. पेढीचं सगळं येणं-देणं त्या मशिनवर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला खुलं होतं, आणि दुखणं पुष्कळदा तसंच राहतं.

कारण त्या १३ मागे विंडोजच्या दोन निराळ्या तक्रारी असतात. क्रमांक ५ म्हणजे प्रवेश नाकारला. क्रमांक ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात आहे. गोडाऊनची किल्लीच नसणं वेगळं, आणि आत कुणी माल मोजत बसलाय म्हणून दाराशी थांबावं लागणं वेगळं.

आधी ५ बघू. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, बहुधा ‘नेटवर्क सर्व्हिस’ या खात्यावर चालते, तुमच्या अ‍ॅडमिन लॉगिनवर नाही. त्यामुळे ‘मला तर फाइल उघडता येते’ हा पुरावा होत नाही. डेटा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर नेला की या खात्याचा हक्क पुष्कळदा मागेच राहतो. शिवाय नाव बदलायला विंडोज ‘डिलीट’चा हक्क मागतं, नुसतं ‘रीड’ आणि ‘राइट’ दिलं तर नोंदी लिहिल्या जातात, पण रिनेम अडू शकतं. सर्व्हिस ज्या खात्यावर चालते, फक्त त्याला ‘मॉडिफाय’ द्या, त्यात ‘डिलीट’ही येतं.

३२ ची चाल वेगळी. टेबलची रचना बदलताना मायएसक्यूएल अनेकदा ‘#एसक्यूएल’ने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने नवं टेबल बांधतं आणि शेवटी नाव बदलतं. नेमकी त्या क्षणी अँटीव्हायरसने किंवा ड्राइव्ह-सिंकने फाइल उघडली असेल तर विंडोज अडवतं. लिनक्सवर उघड्या फाइलचंही नाव बदलता येतं, म्हणून तिथे हा त्रास सहसा दिसत नाही. एरर कधी येते, कधी येत नाही, दुसऱ्यांदा चालवलं की काम होतं, असं असेल तर माझा संशय सरळ ३२ वर जातो. ५ सहसा दर वेळी त्याच जागी अडतं.

अंदाजावर थांबू नका, एरर लॉग उघडा. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा फाइली हाताळणारा भाग, मूळ विंडोज क्रमांक लिहितं, आणि ३२ असेल तर बॅकअप, अँटीव्हायरस किंवा मायएसक्यूएलची दुसरी प्रत तपासा, असंही सांगतं. फाइल कुणी धरलीय ते रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या खाली फाइलचं नाव टाकून शोधता येतं. मग अँटीव्हायरसमधून फक्त डेटा फोल्डर वगळा. चालू डेटा फोल्डर सिंकला लावायचाच नाही. बॅकअप मायएसक्यूएल-डंप किंवा (पोस्टग्रेस असेल तर) पीजी-डंप या बॅकअपच्या प्रोग्रॅमने काढा आणि ती फाइल सिंक करा.

एक अपवाद मात्र आहे. हक्क ठीक असूनही ५ येऊ शकतो: फाइल डिलीट झालीय, पण कुणाचं तरी हँडल (प्रोग्रॅमची त्या फाइलवरची पकड) अजून उघडं आहे, किंवा ज्या नावावर फाइल न्यायची त्या नावाची जुनी फाइल उघडी आहे. म्हणूनच पोस्टग्रेस ५ आणि ३२ दोन्हींवर सुमारे १० सेकंद पुन्हापुन्हा प्रयत्न करतं, मगच हार मानतं. ‘मॉडिफाय’ दिसतंय आणि तरी ५ येतोय, तर हक्क दाखवणारा सिक्युरिटी टॅब सोडा आणि हँडल शोधा.