दिवाडीवरचे नार्वे: देव पलीकडे गेला, गाव मागे राहिले

महाराष्ट्रातून गोव्याला जाणाऱ्या अनेकांना नार्वे ठाऊक असते ते सप्तकोटीश्वरामुळे. छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. शके १५९०, म्हणजे इ.स. १६६८ चा तो शिलालेख आजही तिथे आहे. डिचोली तालुक्यातल्या या नार्वेला जाऊन दर्शन घेऊन लोक परततात. नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरही एक नार्वे आहे आणि देवाचे मूळ घर तेच, हे त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असते. देवाची कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. त्याच्यामागे राहिलेल्या गावाची मात्र क्वचितच कुणी सांगते. आता या गावातल्या कोटीतीर्थ या जुन्या तलावाच्या विकासाचा आराखडा चर्चेत आहे, म्हणून हा लेख.

दिवाडी हे मांडवीच्या पात्रातले बेट. जुने गोवे आणि रायबंदर इथून फेरीबोटीने तिथे जाता येते आणि पलीकडच्या नार्वेहूनही फेरी आहे. मधोमध एक टेकडी, तिच्यावर पिएदादचे चर्च, पायथ्याशी वाडे आणि भोवती भरतीच्या पातळीला टेकलेली सपाट शेते. मालार, नावेली, गोलती आणि नार्वे ही इथली जुनी गावे.

गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर. आपल्या नाण्यांवर आणि लेखांत ते स्वतःला ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ म्हणवत, म्हणजे राज्य मिळाले ते या देवाच्या प्रसादाने. त्या काळी गोवापुरी ही मोठी बंदराची राजधानी होती आणि तिच्या वैभवाचा देव एका बेटावरच्या लहान गावात होता. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत देऊळ पडले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने त्याच शतकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा उभारले. १५१० मध्ये पोर्तुगीज आले आणि सोळाव्या शतकाच्या मध्यावर ते पुन्हा पाडले गेले. तिथे कांदेलारियाचे चॅपेल उभे राहिले. लिंग विहिरीवर पाणी ओढण्यासाठी वापरले जात होते आणि एका रात्री काही जणांनी ते सोडवून नदीपार नेले, असे सांगतात. डिचोलीचा तो भाग पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होता आणि त्यांच्या हाती तो पडला थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. महाराजांना तिथे देऊळ बांधता आले, ते यामुळेच.

दिवाडीचा गणपतीही असाच बेट सोडून गेला आणि शेवटी खांडोळ्याला स्थिरावला. टेकडीवरच्या चर्चशेजारी दफनभूमीत एक लहान चॅपेल आहे. त्याच्या छताला कदंबकालीन कोरीवकाम अजून शिल्लक आहे. मी तरी इतक्या थोड्या जागेत इतका इतिहास दुसरीकडे पाहिलेला नाही. नार्वेच्या जुन्या देवळाचा उरलेला मोठा अवशेष म्हणजे कोटीतीर्थ, जांभ्या दगडात बांधलेला तलाव. देऊळ गेले तरी त्या पाण्याची ओढ सुटली नाही. गोकुळाष्टमीला नार्वेच्या तीरावर पंचगंगेच्या, म्हणजे इथल्या नदीसंगमाच्या, स्नानासाठी अजून लोक जमतात.

देव गेला तेव्हा माणसांचे काय झाले? काही कुटुंबे देवाबरोबर गेली. राहिलेल्यांनी धर्म बदलला आणि जमिनीवरचा हक्क राखला. एकाच घरातले काही अलीकडे, काही पलीकडे असेही घडले. हा घाव लहान नव्हता आणि तो विसरावा असे मला वाटत नाही. पण मागे राहिलेल्यांनी जे टिकवले, त्याचीही नोंद व्हायला हवी. त्यांनी बांध टिकवला.

दिवाडीची शेते खाजनाची आहेत. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्यातून सोडवून घेतलेली जमीन. नदीच्या कडेने चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध घालायचा आणि त्यात जागोजागी मानस बसवायची. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीचे पाणी आले की त्याच्याच दाबाने दार मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात आभाळाचे गोडे पाणी जमिनीतला खार धुऊन काढते आणि मग कोरगुटसारखे खार सोसणारे भात लावतात. भात निघाले की पाण्यात मासळी. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. त्यात एक जुने भांडणही आहे: लिलाव घेणाऱ्याला मासळी आणि कोळंबी वाढवायला खारे पाणी हवे, शेतकऱ्याला ते शेतात नको. खेकडे बांधाला बिळे पाडतात. एक बीळ दुर्लक्षित राहिले तरी उधाणाच्या भरतीत तिथूनच बांध फुटतो आणि त्या जमिनीत पुढची काही वर्षे भात होत नाही. असा बांध एकट्याला राखता येणे शक्यच नाही.

म्हणून इथे गावकरी ही संस्था झाली. जमीन गावाची, मूळ वसवणाऱ्या घराण्यांची सामाईक. भाग लिलावाने कसायला द्यायचे, येणाऱ्या उत्पन्नातून बांधबंदिस्ती आणि देवळाचा खर्च, उरले ते गावकऱ्यांत वाटायचे. १५२६ मध्ये आफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने हे रिवाज सनदेत लिहून काढले. सनदेची सुरुवातच अशी आहे की फार पूर्वी चार माणसे गोव्याजवळच्या एका ओसाड बेटावर शेती करायला आली आणि त्यातून वस्ती वाढली. देवळे पाडणाऱ्या सत्तेनेही ही व्यवस्था मोडली नाही, कारण महसूल तिच्यावरच उभा होता. देवळाच्या जागी चर्चचा खर्च आला, बांधाचा खर्च तसाच राहिला. गावकरीला पोर्तुगिजांनी कोमुनिदाद म्हटले आणि आज कागदोपत्री तेच नाव आहे.

हद्दीचा प्रश्न तर या बेटाचा सणच झाला आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा होतो. गावांच्या हद्दीच्या तंट्यात पोर्तुगिजांनी निशाणे रोवली आणि लोकांनी ती पाडली, त्याची ही आठवण. मुले बांबूच्या फटाशीतून, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीतून, तिरफळे उडवतात.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. हे न्यायाचेच झाले, यात मला शंका नाही. पण बांधाची जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटनांकडे आली, आणि शतकानुशतके सांभाळलेली घडी नव्या हातांत तशी बसली नाही. शेती परवडेनाशी झाली, तरुण परदेशी गेले. मांडवीतून खनिजाचे बार्ज जाऊ लागले, त्यांच्या लाटांनी बांध खचले. फुटलेल्या बांधाआड भाताच्या जागी खारफुटी उभी राहिली, काही शेते पडीक पडली. कोकण रेल्वेचा मार्ग ठरला तेव्हा नव्वदीच्या सुरुवातीला गोव्यात मोठे आंदोलन झाले. त्यात खाजनांची काळजी हा एक मुख्य मुद्दा होता. १९९८ मध्ये मार्ग पुरा सुरू झाला. आज गाड्या दिवाडीवरून धडधडत जातात, बेटावर थांबत नाहीत.

पुलाची मागणी आणि पुलाला विरोध, दोन्ही इथे जुनेच. रात्री दुखणाईताला फेरीची वाट पाहावी लागते, ही अडचण खरी आहे. पूल झाला की पाठोपाठ जमिनीचे दलाल येतील, ही भीतीही खरीच. दुसरीकडे देवळांच्या पुनर्बांधणीला सरकारी पाठबळ मिळते आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगीज काळात पाडलेल्या देवळांसाठी २० कोटी रुपयांची तरतूद केली. २०२३ च्या फेब्रुवारीत पलीकडच्या सप्तकोटीश्वर मंदिराचे नूतनीकरण पूर्ण होऊन लोकार्पणही झाले. आता नव्या आराखड्यामुळे कोटीतीर्थाकडेही लक्ष गेले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण हे तीर्थ ज्या बेटावर आहे, त्याच्या बांधांना आणि मानशींनाही दर पावसाळ्यापूर्वी डागडुजी लागते, आणि तिचा पैसा अन् माणसे कुठून येणार हे त्या आराखड्यात लिहिलेले असायला हवे.