देश कुठला धरायचा? गोव्यातल्या जगवाचनाची पार्श्वभूमी

जगातल्या प्रत्येक देशाचं निदान एक पुस्तक वाचायचं, असा संकल्प अलीकडे बरेच वाचक करतात. यादी तयारच असते. संयुक्त राष्ट्रांचे 193 सदस्य देश; 2011 मध्ये दक्षिण सुदान आला, तेव्हापासून हा आकडा बदललेला नाही. गोव्यात बसून ही यादी भरायला घेतली, की अडचण परदेशी पुस्तकांपाशी येत नाही. घरच्या पुस्तकांपाशी येते.

छापखाना 1556 साली आला, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्यानंतर सातच वर्षांनी, 1563 मध्ये, भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा एका पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ इथे छापला गेला आणि 1567 मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला निघाला. म्हणजे जगानं गोव्याचं पुस्तक आधी वाचलं. सामान्य गोवेकराच्या हाती जगाची पुस्तकं यायला त्यानंतर तीनेक शतकं जावी लागली.

पणजीत सरकारी ग्रंथालय सुरू झालं 1832 मध्ये. पुढे ख्रिस्ती धर्मसंघ बरखास्त झाले आणि मठांमधला ग्रंथसंग्रह तिथे येऊन पडला. 1854 मध्ये लायसियम, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाचं सरकारी माध्यमिक विद्यालय, उघडलं. ज्यांना ते शिक्षण परवडलं ते पोर्तुगीज आणि फ्रेंच पुस्तकं मुळातून वाचू लागले. मराठी वाचणाऱ्या घरांची वाट वेगळी होती. त्यांच्याकडे जग यायचं ते मुंबई-पुण्याहून, आणि बहुधा इंग्रजीतून गाळून. मराठी बालवाङ्‌मयातलं 1828 सालचं एक गाजलेलं पुस्तक मुळात फ्रेंच, पण मराठीत आलं ते इंग्रजीवरून. ही सवय इतकी मुरली की आजही रशियन किंवा जपानी कादंबरी मराठीत वाचताना मधला इंग्रजी हात आपल्याला जाणवत नाही. अपवाद होते, आणि त्यातला एक मोठा अपवाद गोव्याचाच. सांखवाळचा एक तरुण 1902 मध्ये सिलोनला गेला, तिथे पाली शिकला आणि बौद्ध वाङ्‌मय त्यानं थेट पालीतून मराठीत आणलं. जगवाचनाच्या इतिहासात या माणसाला अजून त्याची जागा मिळालेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

1910 मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, त्यानंतर थोडं मोकळं झालं आणि मराठी वाचनालयं उभी राहिली. 1926 मध्ये तिथे लष्करानं सत्ता घेतली, आणि मग सेन्सॉर आला. 1955 मध्ये गोव्याला भारताशी जोडणाऱ्या कुळें-कॅसलरॉक मार्गावरची रेल्वे वाहतूक थांबली, तसं मुंबईचं पुस्तक मडगावात पोचणं आणखी अवघड झालं.

आता मूळ अडचण. पुस्तकाचा देश कशावरून ठरवायचा: लेखकाचा जन्म, त्याचं नागरिकत्व, पुस्तकाची भाषा, छापल्याचं ठिकाण की कथा घडते ती जागा? गोमंतकीयानं लिहिलेली पहिली कादंबरी 1866 ची. ती लिहिली पोर्तुगीजमध्ये, छापली लिस्बनमध्ये, लेखक नावेलीचा आणि पोर्तुगालच्या संसदेचा सभासद. कथा मात्र घडते उत्तरेत, फैजाबादेत. दुसरं उदाहरण 1961 चं, म्हणजे मुक्तीच्याच वर्षाचं. या कादंबरीचा लेखक जन्मला मोझांबिकमध्ये, आजच्या मापुतोत. वाढला मडगावात, आयुष्य काढलं लिस्बनला. कादंबरी पोर्तुगीजमधली, आणि तिच्यात आहेत भाटकार म्हणजे जमीनदार, त्यांच्या जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार आणि भातशेतीत राबणारी माणसं. जन्म धरला तर ती मोझांबिकच्या रकान्यात जाते. भाषा आणि छापखाना धरला तर पोर्तुगालच्या. त्या शेतातल्या माणसांना धरलं तर ती आपली.

ग्रंथालयशास्त्रानं हा प्रश्न सोडवलेला नाही, बाजूला ठेवला आहे. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात ललित साहित्याचे क्रमांक भाषेवर पडतात. पोर्तुगीज साहित्य 869 मध्ये, मराठी 891.46 मध्ये. त्यामुळे लिस्बनचा कवी, ब्राझीलचा कादंबरीकार, अंगोलाचा कथाकार आणि मडगावात वाढलेला हा लेखक एकाच फळीवर, खांद्याला खांदा लावून. फळीवरून देश कळत नाही.

त्यात राज्यकर्त्यांनी गोंधळ वाढवला. 1951 मध्ये पोर्तुगालनं आपल्या वसाहतींना सागरापारचे प्रांत म्हणायला सुरुवात केली, म्हणजे कागदोपत्री गोवा हा पोर्तुगालचाच एक प्रांत झाला. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, त्यानंतरही लिस्बननं इथलं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं नाही. ते मान्य करणारा करार झाला 31 डिसेंबर 1974 ला. मधली तेरा वर्षं एकाच पुस्तकाला दोन सरकारं दोन देश देत होती. अंगोला, मोझांबिक आणि इतर तीन आफ्रिकी वसाहती त्याच सुमाराला स्वतंत्र झाल्या, तेव्हा त्यांच्या 1960 च्या आधीच्या कवितांचाही हाच पेच आहे.

अशा वेळी ‘प्रकाशन झालं तेव्हा नकाशा काय होता’ हा निकष निःपक्षपाती वाटतो. मला तो पटत नाही. वसाहतीतल्या माणसाला नकाशा काढायचा अधिकारच नव्हता. मग त्याच नकाशावरून त्याच्या पुस्तकाचा हिशेब का करायचा? पुस्तकात ज्यांचं जगणं आहे त्यांचा देश धरावा. हा निकष लावला की 1961 ची कादंबरी घरी येते. 1866 ची फैजाबादमुळे भारताच्या रकान्यात बसते, गोव्याच्या नाही, आणि ते मान्य करावं लागतं.

मुक्तीनंतर इंग्रजी पुस्तकांचा ओघ वाढला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मॉस्कोहून मराठीत छापून येणारी रशियन पुस्तकंही अगदी स्वस्तात मिळायची; जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे सगळी शक्ती कोकणी-मराठीच्या वादात खर्ची पडली आणि पोर्तुगीज कपाटं मागे राहिली, कारण ती भाषा वाचणारी पिढीच सरत चालली होती. आता पणजीत पाटोवरच्या, ग्रंथालयाच्या नव्या इमारतीत ती पुस्तकं नीट ठेवलेली आहेत. पोर्तुगीज राजभाषा असलेले देश आज नऊ आहेत आणि गोव्यात विद्यापीठाच्या पातळीवर ती भाषा शिकवली जाते. निदान या नऊ देशांपुरती तरी पुस्तकं इंग्रजीची वाट न धरता मराठीत आणायची सोय इथे आहे, आणि मराठीभर ती इतकी जवळ दुसरीकडे नाही. वाचनाच्या वहीत देशाच्या रकान्याशेजारी ‘कुठल्या भाषेतून भाषांतर’ असा आणखी एक रकाना आखावा. या नऊ नावांसमोर तिथे इंग्रजी लिहावं लागलं, तर ते काम अजून व्हायचं आहे असं धरावं.