जुने महागडे इयरफोन अजून भाव का खाऊन जातात?

इटिमॉटिक कंपनीचा ईआर-4 हा इयरफोन 1991 साली आला. आजही लोक तो सेकंडहँडमध्ये शोधून शोधून घेतात, आणि घेऊन कपाटात ठेवत नाहीत, रोज वापरतात. फोन पाच वर्षांचा झाला की आपण त्याला डबडं म्हणायला लागतो, मग तीस वर्षांहून जुन्या डिझाइनचा इयरफोन नव्याकोऱ्या मॉडेल्ससमोर टिकतो कसा? जुन्याचं प्रेम वगैरे आहेच, पण सगळं श्रेय त्याला देता येत नाही. इयरफोनचं काम ज्याच्यावर अवलंबून आहे तो आपला कान एवढ्या वर्षांत काडीचाही बदललेला नाही, खरी गोम तिथे आहे.

कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते, बाहेरून उघडी आणि आत पडद्याने बंद. शाळेत पेनाच्या टोपणात फुंकर मारून शिट्टी वाजवायचो ना, तसाच हा प्रकार, एका टोकाला बंद नळी स्वतःच्या लांबीप्रमाणे ठरावीक सूर उचलून धरते. कानाच्या बाबतीत हा सूर 2500 ते 3000 हर्ट्झच्या आसपास येतो आणि तिथला आवाज पडद्यापर्यंत पोचताना सहज 10-15 डेसिबलने वाढतो. मेंदूला जन्मापासून याचीच सवय. आता तुम्ही नळीच्या तोंडात इयरफोनचं बूच मारलं की नळी दोन्हीकडून बंद, म्हणजे तो नैसर्गिक उठाव गायब, आणि त्याच्या जागी वर कुठेतरी, 7-8 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, भलताच एक टोकदार उंचवटा तयार होतो, ज्याने गायकाचा प्रत्येक ‘स’ कानाला टोचतो. म्हणजे चांगल्या इयरफोनने दोन कामं करायची, गेलेला उठाव भरून द्यायचा आणि नको तो उंचवटा दाबायचा. ही दोन कामं नीट जमली की निम्मी लढाई जिंकली, आणि ती 1991 मध्येही जमत होती.

ज्यांनी जमवली ते मीड किलियन मुळात श्रवणयंत्रांच्या दुनियेतले, आधी नोल्स या कंपनीत, मग 1983 मध्ये स्वतःची इटिमॉटिक काढली. नोल्स श्रवणयंत्रांसाठी बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे चिमुकले स्पीकर बनवायची. यात नेहमीच्या स्पीकरसारखा मोठा पडदा आणि त्याला चिकटलेली कॉइल नसते, दोन चुंबकांच्या मधोमध एक बारीक धातूची पत्ती असते, भोवतीच्या कॉइलमधून करंट गेला की ती हलते आणि एका सुईसारख्या काडीने ती हालचाल छोट्याशा पडद्याला देते. हलणारं वजन इतकं कमी की आवाजातले बारकावे स्वच्छ येतात, आणि हा स्पीकर एवढासा असल्याने अख्खा इयरफोन कानात खोल घालता येतो. खोल गेला, घट्ट बसला की बाहेरचा आवाज 35 डेसिबलच्या वर कमी होतो, कुठलीही बॅटरी न लावता. आजचं नॉइज कॅन्सलेशन इंजिनाच्या घरघरीसारख्या खालच्या आवाजांवर फार भारी काम करतं, पण शेजारच्या माणसाच्या बडबडीवर अजूनही बूचच जास्त भरवशाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ईआर-4 ची मला सगळ्यात आवडणारी गंमत म्हणजे त्याची दोन भावंडं, एस आणि पी. एस मॉडेलचा रोध 100 ओहम, पी चा 27. आणि पी च्या वायरमध्ये 75 ओहमचा ॲडॉप्टर जोडला की तो जवळपास एस सारखा वाजायला लागतो! कारण आर्मेचरच्या कॉइलचा स्वतःचा रोध वरच्या सुरांना वाढत जातो, त्यामुळे मालिकेत घातलेला रेझिस्टर खालच्या सुरांचा वाटा जास्त खातो आणि तुलनेने वरचे सूर पुढे येतात. चिप नाही, ॲप नाही, फर्मवेअर अपडेट नाही, एका फुटकळ रेझिस्टरने आवाजाचा तोल बदलला. प्रत्येक फोनचा आणि ॲम्पचा आतला रोध वेगळा, म्हणून याच कारणाने जुने तीन-चार स्पीकरवाले आयईएम (म्हणजे कानात आत बसणारे इयरफोन) एका फोनवर वेगळे आणि दुसऱ्या ॲम्पवर वेगळे वाजतात, आणि मग लोक भांडत बसतात की कोणाचे कान खराब.

पुढच्या काळातही असे यांत्रिक डोकेबाज प्रकार झाले. सेनहायझरच्या 2012 च्या आयई 800 मध्ये 7 मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे नेहमीच्या पडदा-कॉइलवाल्या प्रकारचा स्पीकर, आणि तो वर सांगितलेला टोकदार उंचवटा गिळायला इयरफोनच्या नळीतच छोट्या पोकळ्या ठेवल्या. शुअरच्या 2013 च्या एसई846 मध्ये तर स्टीलच्या 10 पातळ पट्ट्या वेल्ड करून त्यांच्यात जवळपास 4 इंच लांबीचा वळणावळणाचा रस्ता कोरला, कशासाठी, तर बेसच्या ड्रायव्हरमधून फक्त खोल बेसच बाहेर यावा म्हणून. हे काम आज कोणी सॉफ्टवेअरने चुटकीसरशी करेल, पण स्टीलमधल्या रस्त्याला सपोर्ट बंद होत नाही.

आता नव्यांची बाजूही ऐका, कारण जुन्यांचे भक्त ती सांगत नाहीत. ईआर-4 बनवताना ध्येय ठेवलं होतं ते चहूबाजूंनी सारखा आवाज आला तर पडद्यावर काय पोचेल याचं. नंतर हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी लोकांना ब्रँड न सांगता ऐकवून ऐकवून बघितलं की बहुतेकांना प्रत्यक्षात काय आवडतं, तर खाली बऱ्यापैकी जास्त बेस आणि वर थोडा कमी तिखटपणा. हा हिशोब डोळ्यासमोर ठेवून आज स्वस्तातले इयरफोनसुद्धा फार छान ट्यून होऊन येतात, आणि त्यांच्यापुढे जुना ईआर-4 बऱ्याच जणांना कोरडा, बेस नसलेला वाटतो, ते काही चूक नाही. 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोन मोजून दाखवलं की किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला सूर किती जोरात वाजतो ते) यांचा काही संबंधच सापडत नाही. म्हणजे ‘जुना आणि महाग, म्हणून चांगला’ हा युक्तिवाद तिथेच आडवा होतो. उलट ज्यांना जुनाच आवडतो ते इक्वलायझर लावून बेस वाढवू शकतात, इयरफोन या बाबतीत बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागतात, फक्त एकट्या आर्मेचरकडून फार बेस मागितला की आवाज फाटायला लागतो (डिस्टॉर्शन).

पण टिकण्याचा विषय निघाला की नवे वायरलेस मार खातात. दोन्ही कानांत एकेक चिमुकली लिथियम बॅटरी, ती रोज भरते-रिकामी होते, काही शे चार्जिंगनंतर तिचा दम कमी होतो आणि बहुतेक मॉडेल्समध्ये ती बदलायची सोयच नसते. स्पीकर ठणठणीत, पण इयरफोन मेलेला. जुन्यात मरणारी वस्तू म्हणजे वायर, आणि बऱ्याच चांगल्या मॉडेल्सना ती काढून नवी लावता येते.

बाकी सवय हाही मोठा भाग आहे. आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांपुरतीच टिकते, त्यामुळे ‘माझा जुना जास्त खुला वाजायचा’ ही आठवणीवरची तुलना मी तरी फार मनावर घेत नाही, लगेच अदलाबदल करून ऐकलं असेल तरच बोलू.

आणि जुना घेणार असाल तर एक बघा. इयरफोनच्या नळीच्या टोकाशी असलेल्या छोट्या फिल्टरमध्ये कानातला मळ साचतो आणि वरचे सूर हळूहळू मंद होतात, मालकाला पत्ताही लागत नाही. मोनो रेकॉर्डिंगमधला (दोन्ही कानांत तोच आवाज येतो असा) एखादा आवाज लावा, तो बरोबर डोक्याच्या मध्यात यायला हवा. एका बाजूला झुकला तर ड्रायव्हर गेला म्हणून परत करायच्या आधी टिप्स (कानात बसणारी मऊ टोकं) नीट बसवून बघा, तरीही झुकत असेल तर दोन्हीकडचे फिल्टर बदला, कारण एकच बदलला तर नवा आणि जुना मिळून तोल आणखी बिघडतो.